ऐकणाऱ्यांचा फैसला : दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धेच्या इतिहासास प्रस्तावना

संगीताची स्पर्धा भरविणे हा मुळातच कलेशी केलेला द्रोह होय, असे मानणाऱ्या बुजुर्गांची परंपरा आपल्याकडे मोठी आहे, आणि तिचा अनादर करण्याचा प्रस्तुत लेखकाचा मुळीच हेतू नाही. ज्यांनी तारुण्याची ऐन वर्षे गुरुगृही एका षड्जाच्या स्थैर्यासाठी वेचली, त्यांस अडीच-तीन मिनिटांच्या गाण्यावरून एखाद्या कोवळ्या मुलाची योग्यता ठरविणारा आणि तो निर्णय लाखो घरांत एकाच वेळी पोहोचविणारा व्यवहार उथळ वाटला, तर त्यात नवल ते काय? परंतु एखादी संस्था आपणांस रुचते की नाही हा प्रश्न निराळा, आणि ती कोठून आली, तिने कोणाची जागा घेतली व तिच्या योगाने समाजाच्या कानांत कोणता पालट झाला हा प्रश्न निराळा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर झी मराठी वाहिनीवर २००६ साली सुरू झालेल्या ‘सा रे ग म प’ ह्या गायनस्पर्धेकडे करमणुकीचा एक कार्यक्रम एवढ्याच नजरेने पाहून भागणार नाही. मराठी समाजाने गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत श्रवणाचे जे शिक्षण घेतले, त्याचा तो जाहीर हिशेब होता.

ह्या स्पर्धेचा इतिहास जितका गाणाऱ्यांचा आहे त्याहून अधिक तो ऐकणाऱ्यांचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. गाण्याचा फैसला करण्याचा अधिकार कोणाकडून कोणाकडे गेला आणि जाताना त्यातील काय गळून पडले, हेच ह्या इतिहासाचे मुख्य सूत्र होय. आणि हे सूत्र गोमंतकाच्या उत्तर सीमेवरील पेडणे व डिचोली ह्या तालुक्यांतून पाहू जाता जितके उघड दिसते, तितके ते मुंबई-पुण्याच्या चित्रीकरणगृहांतून दिसत नाही. त्यास ऐतिहासिक कारण आहे. तिसवाडी, बारदेस आणि साष्टी ह्या जुन्या काबिजादीत पोर्तुगीज अंमलाने सोळाव्या शतकातच देवळे पाडली, देव परमुलखांत गेले, आणि पुढे १७३६ च्या धर्मन्यायालयीन जाहीरनाम्याने तर लग्नप्रसंगी म्हणावयाची देशी गाणीसुद्धा निषिद्ध ठरविली. म्हणजे ज्या मुलखात गाणे हाच काही काळ अपराध झाला होता, त्याच्या सीमेस लागून पेडणे, डिचोली आणि सत्तरी हे महाल होते. हे महाल पोर्तुगिजांच्या हाती आले ते अठराव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत, जेव्हा धर्मांतराचा जोर ओसरला होता आणि रयतेच्या देवस्थानांस व वहिवाटीस हात न लावण्याचे धोरण राज्यकर्त्यांनी पत्करले होते. परिणामी ह्या नव्या काबिजादीत देवळे जागच्या जागी राहिली, देवळांबरोबर सभामंडप राहिले, आणि सभामंडपांबरोबर अभंग, कीर्तन, काला आणि दशावतार राहिले. घरी कोंकणी बोलावी आणि देवापुढे मराठीत गावे, ही येथील पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. तिच्यावरून पुढे राजकारणात पुष्कळ वाद माजले, पण गाणाऱ्याच्या जिभेवर ह्या दोन भाषा कधी भांडल्या नाहीत.

आता त्या सभामंडपातील गाणे कसे असते ते जरा सविस्तर सांगितले पाहिजे, कारण पुढील साऱ्या प्रतिपादनाचा पाया तेथे आहे. श्रावण लागला की गावोगाव भजनी सप्ताह बसतात. वास्को येथील श्री दामोदराचा सप्ताह सर्वांत प्रसिद्ध, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आलेला. अहोरात्र चोवीस तास नाम खंडू द्यावयाचे नाही असा नेम असतो, आणि वाड्यावाड्यांच्या मंडळींनी आपापल्या वेळेची पाळी उचलावयाची असते. साखळीजवळ कारापूरच्या विठ्ठलापुरात राणे घराण्याच्या आश्रयाने उभे राहिलेले विठ्ठलमंदिर आहे. तेथील चैत्रोत्सव हा डिचोली महालातील संगीताचा जणू वार्षिक दरबारच. भजनास बुवा, पेटी, पखवाज आणि टाळ एवढाच सरंजाम लागतो. बुवा ओळ उचलतो, ती आळवतो, तिला एखाद्या रागाची दिशा देतो, आणि भोवतीचे टाळकरी ती ओळ झेलून परत त्याच्या हाती देतात. टाळकऱ्यांत दुकानदार असतो, शेतकरी असतो, खाणीवरून पाळी संपवून आलेला कामगार असतो, शाळामास्तर तर हटकून असतो. आणि ह्यांपैकी प्रत्येकास बुवाचा सूर कोठे ढळला, लयीत तो कोठे घाबरला, एखादी हरकत त्याने स्वतः सुचविली की कोणाची उसनी आणली, हे नेमके कळते. कळते म्हणून कोणी ते मोठ्याने बोलत नाही. पुढच्या वर्षी त्या पाळीस दुसऱ्याच बुवाला बोलावणे जाते, एवढाच तो फैसला असतो, आणि त्यावर अपील नसते.

स्पर्धा हा शब्द तेथे कोणी उच्चारीत नसले तरी तिचे तत्त्व तेथे पुरेपूर होते. उलट सावंतवाडी-बांद्याच्या बाजूने पेडण्याच्या हद्दीत पाऊल टाकावे तो ते तत्त्व अगदी उघड रूपात भेटते, कारण त्या पट्ट्यात डबलबारी हा भजनाचा प्रकार लोकांस प्राणप्रिय आहे. दोन बुवा आपापल्या संचासह समोरासमोर बसतात. एकाने रूपावली मांडावी, दुसऱ्याने आपली मांडावी, एकाने गौळणीत एखादा पौराणिक प्रश्न टाकावा, दुसऱ्याने गजराआधी त्याचे उत्तर द्यावे, आणि रात्र चढत जावी तसा पखवाजाचा आणि शब्दांचा सामना चढत जावा, असा तो क्रम असतो. पहाटेपर्यंत बसलेला समुदाय कोणाच्याही हाती गुणपत्रक देत नाही; पण कोणाची बारी रंगली हे सकाळी बाजारात विचारावे लागत नाही. चतुर्थीच्या दिवसांत घुमट, शामेळ आणि कांसाळे ह्यांच्या साथीने होणाऱ्या आरत्यांतही हीच चुरस असते. घोरपडीच्या कातड्यावर कायद्याने बंदी आल्यावर घुमटाला बकऱ्याचे कातडे लागले आणि आवाजाचा पोत थोडा बदलला, तरी वाड्यांमधील ईर्ष्या बदलली नाही. ह्या सर्व ठिकाणी एक गोष्ट समान होती, आणि ती वाचकांनी ध्यानात ठेवावी अशी माझी विनंती आहे: फैसला करणारा स्वतः गाणारा होता. तो टाळ धरून बसला होता. बुवा चुकला तर ओळ सावरण्याची जबाबदारी त्याच्यावर होती.

ह्या चित्राला एक काळी बाजू आहे, आणि तिचा उल्लेख टाळून गोमंतकाच्या संगीताविषयी लिहिणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. सभामंडपात पुरुषांचे भजन चाले, पण देवळाच्या चाकरीत बांधलेल्या कलावंत घराण्यांतील स्त्रिया जे गात, त्यावर माना डोलावणारा समाज त्या स्त्रियांस प्रतिष्ठा मात्र देत नव्हता. पेडणे महालातील मालपे ह्या गावचे नाव ज्यांनी हिंदुस्थानभर नेले त्या अंजनीबाई मालपेकर ह्याच वर्गातून आल्या. १८८३ चा त्यांचा जन्म. मुंबईत भेंडीबाजार घराण्याच्या नजीर खाँसाहेबांजवळ त्यांनी तालीम घेतली, संस्थानिकांच्या दरबारांत कीर्ती मिळविली, पुढे मैफिली थांबवून विद्यादान पत्करले, आणि कुमार गंधर्व व किशोरी आमोणकर ह्यांच्यासारख्यांनी त्यांच्याकडून विद्या घेतली. १९५८ साली संगीत नाटक अकादमीचे सदस्यत्व त्यांस मिळाले. तो मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई ह्यांच्या नावांपुढे मालपेकरांचे नाव आज आपल्या तालुक्यातच कमी घेतले जाते, ही मला खंत वाटणारी गोष्ट आहे. ह्या स्त्रियांच्या गाण्याचा फैसला करणारे रसिक थोडे, श्रीमंत आणि पुरुष होते; त्यांच्या दिवाणखान्याबाहेर त्या गाण्याला वाट नव्हती. आज एखाद्या डिचोलीकर शिक्षकाची मुलगी प्रकाशझोतात उभी राहून लावणी, ठुमरी किंवा नाट्यपद गाते, तिचे आईबाप प्रेक्षकांत बसून अभिमानाने डोळे पुसतात, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत तिचा सत्कार होतो. ह्या साध्या दृश्यामागे दोन-तीन पिढ्यांचे अश्रू आणि समाजसुधारकांची झुंज आहे. दूरचित्रवाणीच्या स्पर्धेने ही क्रांती घडविली असे मी म्हणणार नाही, ती आधीच घडत आली होती. परंतु तिच्यावर सार्वजनिक मान्यतेची मोहोर जितक्या ठळकपणे ह्या स्पर्धेने उठविली, तितकी दुसऱ्या कशानेही नाही.

दिवाणखाना आणि पडदा ह्यांच्यामधला दुवा म्हणजे संगीत नाटक. तिकीट काढून आलेला कोणीही इसम गवयाला ‘वन्समोअर’ देऊ शकतो, हा अधिकार मराठी माणसास प्रथम रंगभूमीने दिला. १९२१ च्या जुलै महिन्यात टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झाले, त्यात बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकाच रंगमंचावर उभे राहिले; देशकार्यासाठी झालेल्या त्या प्रयोगास लोक आले ते दोन गळ्यांची तुलना करण्याच्या उत्कंठेने, आणि तो प्रयोग म्हणजे आधुनिक अर्थाने मराठीतला पहिला मोठा गायनसामना होता, असे मानण्यास मला हरकत दिसत नाही. मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर ह्यांनी बळवंत संगीत मंडळीतून जी आक्रमक, चमत्कृतिपूर्ण गायकी मांडली, तिच्यावर मराठी श्रोत्यांत पक्ष पडले. आणि पक्ष पडणे हे श्रोता जागा झाल्याचे लक्षण असते. पुढे संगीत नाटक मरणपंथास लागले असे सर्वजण म्हणत असताना मुंबईच्या गोवा हिंदू असोसिएशनने १९६४ साली वसंत कानेटकरांचे ‘मत्स्यगंधा’ रंगभूमीवर आणले. त्यास संगीत दिले मंगेशीच्याच जितेंद्र अभिषेकींनी, आणि त्यातील रामदास कामतांच्या पदांनी नाट्यसंगीतास दुसरा जन्म दिला. ‘ययाति आणि देवयानी’ व ‘कट्यार काळजात घुसली’ ही नाटके त्याच दशकातली. दूरचित्रवाणीच्या स्पर्धेत नाट्यसंगीताचा भाग आला म्हणजे स्पर्धक ज्या भांडारातून पदे निवडतात, त्याचा केवढा मोठा अंश गोमंतकीयांनी भरला आहे, हे ह्यावरून कळेल. गोमंतकीय स्पर्धक अंतिम फेरीत असो वा नसो, गोमंतक त्या मंचावर नेहमीच हजर असतो.

येथवर जो श्रोता आपण पाहिला तो गाणे समक्ष ऐकणारा होता. त्याच्या कानांत मोठा फरक पडला तो ध्वनिमुद्रिकेने, आणि ह्या कारणाकडे अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही असे मला वाटते. हिंदुस्थानात ध्वनिमुद्रण १९०२ साली सुरू झाले. तोवर कोणतेही गाणे दोनदा सारखे होत नसे. तबकडी आली आणि गाण्याला ‘मूळ’ नावाची वस्तू प्राप्त झाली, जी शंभरदा ऐकली तरी तसूभर बदलत नाही. त्यानंतर आकाशवाणीने ते मूळ घरोघर नेले. ज्यास सारेगमही ठाऊक नाही असा माणूससुद्धा लता मंगेशकरांचे एखादे गीत इतक्या वेळा ऐकतो की, त्यातील श्वास कोठे घेतला आहे हेदेखील त्याच्या स्मृतीत कोरले जाते. मग तेच गीत दुसरे कोणी म्हणू लागले की चूक त्यास आपोआप बोचते. परीक्षक होण्यास जे ज्ञान पूर्वी गुरूकडे बसून मिळवावे लागे, त्याचा एक तुकडा, मर्यादित असला तरी खरा, सर्वांस फुकट मिळाला. सभामंडपातील टाळकरी बुवाची स्वतःची चाल ऐकून तिचा कस पाहत असे. रेडिओपुढे बसलेला श्रोता मुळाशी ताडून पाहण्यास शिकला. हे दोन निकष भिन्न आहेत, आणि दूरचित्रवाणीच्या स्पर्धेचे बहुतेक गुणदोष दुसऱ्या निकषातून उद्भवले आहेत.

मध्यंतरीच्या टप्प्यांचा उल्लेख धावताच करतो. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले आणि संगीताला वर्ग व अभ्यासक्रम दिले; पुढे १९३१ मध्ये स्थापन झालेल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रवेशिका, मध्यमा, विशारद ह्या परीक्षांनी मध्यमवर्गीय घरांत गाण्याचे प्रमाणपत्र भिंतीवर लावण्याची चाल पाडली. रेडिओ सिलोनवर १९५२ साली सुरू झालेली ‘बिनाका गीतमाला’ पुढे गाण्यांचा क्रम लावू लागली आणि श्रोत्यांच्या पसंतीस प्रथमच आकडा मिळाला. मेट्रो-मर्फी स्पर्धेने १९५७ साली महेंद्र कपूर ह्यांस पुढे आणले, तेव्हा परीक्षकांत नौशाद, सी. रामचंद्र ह्यांच्यासारखे संगीतकार होते. सूर-सिंगार संसदेच्या स्पर्धेतून १९७६ मध्ये सुरेश वाडकर चित्रपटसृष्टीत आले. ह्या सर्व स्पर्धांत फैसला जाणकारांचा होता, आणि जनता तो मुकाट्याने मान्य करीत असे.

मुंबई दूरदर्शन १९७२ च्या गांधीजयंतीस सुरू झाले. त्याच तिथीस वीस वर्षांनी झी टीव्हीचा आरंभ झाला, आणि १ मे १९९५ पासून त्या वाहिनीवर गजेंद्र सिंग ह्यांचा ‘सा रे ग म’ हा हिंदी कार्यक्रम दिसू लागला. निवेदक होता तरुण सोनू निगम. परीक्षकांच्या आसनांवर नौशाद, खय्याम, कल्याणजी-आनंदजी, पंडित जसराज, परवीन सुलताना अशी माणसे बसत. त्यांच्यापुढे स्पर्धक वाकून नमस्कार करी आणि त्यांचे दोन शब्द प्रसादासारखे घरी नेई. पहिल्या पर्वाची विजेती संजीवनी भेलांडे आणि पुढच्या काळातील बेला शेंडे ह्या दोघी मराठी मुली. त्यांच्या यशाने मराठी घरांतील आईबापांस प्रथमच असे वाटू लागले की, आपल्या क्लासला जाणाऱ्या मुलीसाठी दूर कोठेतरी एक दार किलकिले झाले आहे. २००४ मध्ये ब्रिटनमधील ‘पॉप आयडॉल’च्या नमुन्यावर ‘इंडियन आयडॉल’ आले, दूरध्वनीवरून मत देण्याची पद्धत रूढ झाली, आणि मुंबईचा अभिजीत सावंत पहिला विजेता ठरला. एका दशकात न्यायासन उस्तादांकडून जनतेकडे सरकले.

मराठी ‘सा रे ग म प’ जन्मास आले ते ह्या दोन पद्धतींच्या संगमावर. पल्लवी जोशी ह्यांचे सुसंस्कृत निवेदन, कमलेश भडकमकर ह्यांच्या मार्गदर्शनाखाली जिवंत वाजणारा वाद्यमेळ, आणि गुणांऐवजी स्वरांनी दिलेला कौल ही त्याची वैशिष्ट्ये होती; परीक्षकांनी ‘नी’ दिला की घरातील मंडळी हळहळत आणि ‘वरचा सा’ दिला की आनंदित होत. वाद्यमेळाविषयी मला विशेष आदर वाटतो. अमर ओक ह्यांची बासरी, सत्यजित प्रभू ह्यांची संवादिनी व की-बोर्ड, निलेश परब व आर्चिस लेले ह्यांची तालवाद्ये ह्यांमुळे साथीदार ही दुय्यम व्यक्ती नव्हे, हे प्रेक्षकांस प्रथमच नावानिशी कळले. अभिजीत कोसंबी हा पहिला विजेता. नंतरची विजेती, विदर्भातील वैशाली माडे, २००९ साली हिंदी स्पर्धाही जिंकून आली. पण ह्या कार्यक्रमाने मराठी समाजाचे चित्त सर्वार्थाने हरण केले ते २००८-०९ च्या ‘लिटल चॅम्प्स’ पर्वात. आळंदीची कार्तिकी गायकवाड, रत्नागिरी जिल्ह्यातील आरवलीचा प्रथमेश लघाटे, अलिबागची मुग्धा वैशंपायन, पुण्याची आर्या आंबेकर आणि लातूरचा रोहित राऊत ही पाच मुले अंतिम फेरीत पोहोचली. अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत ह्यांनी त्यांस परीक्षकाच्या करड्या नजरेपेक्षा वडीलधाऱ्यांच्या मायेने वागविले, आणि फेब्रुवारी २००९ मध्ये कार्तिकी विजयी झाली. ह्या पाच गावांकडे नीट पाहावे: त्यांत मुंबई नाही. वारकऱ्यांची आळंदी आहे, कोकणातील आडबाजूचे गाव आहे, मराठवाडा आहे. ज्या सभामंडपाचे वर्णन मी वर केले त्याच्याच छायेत ह्यांपैकी काही गळे वाढले होते, आणि पेडण्या-डिचोलीतील कुटुंबांस ती मुले परकी वाटली नाहीत, ह्याचे मर्म हेच आहे. अभंग आणि नाट्यपदे कानांवर पडून मोठी झालेली मुले त्यांनी आपल्या अंगणात पाहिली होती.

त्या काळी आमच्या भागात रात्रीच्या जेवणाची वेळ ह्या कार्यक्रमावरून ठरे. मला महत्त्वाचे वाटते ते जेवणानंतरचे बोलणे. ज्या घरांत राग शब्द क्रोधाच्या अर्थानेच ठाऊक होता, तेथे पट्टी, खर्ज, मींड, जागा, ठहराव ह्या शब्दांवर चर्चा होऊ लागली. आजीबाई नातवास सांगत की, मुलाने तार षड्ज लावला खरा, पण तो टेकला नाही. हे शिक्षण लहान नव्हे. कोणत्याही विद्यापीठास इतक्या अल्पावधीत इतके विद्यार्थी मिळाले नसते.

परंतु मतदानाचा न्याय हा संख्येचा न्याय असतो, आणि गोमंतकास तो पेलणारा नव्हता. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे महाराष्ट्राची वस्ती ११ कोटी २४ लाख, तर साऱ्या गोव्याची १४ लाख ५८ हजार. पेडणे आणि डिचोली हे दोन्ही तालुके मिळून पावणेदोन लाखांच्या आत. प्रत्येक जिल्हा आपल्या मुलामागे उभा राहणार हे गृहीत धरले, तर येथील स्पर्धक कितीही गुणी असला तरी मोबाइलवरील संदेशांच्या मोजणीत त्याच्या पाठीशी किती हात उभे राहणार, हे आधीच ठरलेले होते. जिल्ह्याजिल्ह्यांत फलक लागले, आवाहने झाली, आणि गाण्याचा कौल हळूहळू मुलखाच्या अभिमानाचा कौल होऊ लागला. ज्यांनी टाळ हाती धरला नव्हता असे हात मत देत होते. मत दिल्यावर त्यांच्यावर कोणतीही जबाबदारी उरत नव्हती. अधिकार वाढला आणि सहभाग आटला, ही ह्या इतिहासातील मला सर्वांत जिव्हारी लागणारी घटना आहे.

गाण्याच्या आकारालाही किंमत द्यावी लागली. जे नाट्यपद रंगभूमीवर श्रोत्यांच्या आग्रहाने फुलत फुलत पाव घटका चाले, ते एक अंतरा आणि एक ठरलेली तान ह्यांत बसवावे लागले. त्याने पदांची ओळख टिकली. हजारो मुलांनी दीनानाथांचे आणि अभिषेकींचे नाव ऐकले ते ह्याच निमित्ताने, आणि त्याबद्दल स्पर्धेचे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण मुळाबरहुकूम गाणे हा गुण ठरल्यामुळे स्वतःची जागा शोधण्याचे धाडस कमी झाले. जो बुवा आपल्या अभंगास स्वतः चाल लावीत असे, त्याचा नातू दुसऱ्याची चाल बिनचूक उतरविण्यात तरबेज झाला. बालगायकांच्या बाबतीत तर आणखी एक काळजी आहे: मुलाचा आवाज फुटण्याचे वय आणि कीर्तीचे वय एकच येते. ज्या वर्षी त्याने गप्प बसून खर्जाची साधना करावी, त्याच वर्षी उत्सवमंडळे त्यास आमंत्रणे धाडतात. त्या पाच मुलांनी पुढे विद्या सोडली नाही, २०२१ च्या पर्वात तीच पाचजण नव्या मुलांपुढे परीक्षक म्हणून बसली, ही समाधानाची बाब. परंतु उंबरठ्यावरून परतलेल्या शेकडो मुलांचे पुढे काय झाले, ह्याची विचारपूस समाजाने केली नाही, आणि ती करणे हा ह्या अभ्यासाचा एक प्रधान हेतू आहे.

सुदैवाने गोमंतकात जुनी पद्धत नव्या व्यवस्थेत जिवंत ठेवणारी एक संस्था आहे. पेडण्याचे सुपुत्र भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री असताना १९७० मध्ये स्थापन झालेली कला अकादमी पंडित मनोहरबुवा शिरगावकर ह्यांच्या स्मरणार्थ राज्यस्तरीय भजनस्पर्धा भरविते. तीत पुरुष, महिला आणि बालक ह्यांचे वेगवेगळे विभाग असतात. महिलांची भजनी मंडळे ही तर गेल्या काही दशकांतील पेडणे-डिचोलीची खरी दौलत होय. ज्या सभामंडपात त्यांच्या आजींस टाळ हाती घेण्याची मुभा नव्हती, तेथे आज त्या पखवाजही वाजवितात. ह्या स्पर्धेत एकट्या गळ्यास बक्षीस मिळत नाही, झेलणाऱ्यांसकट संपूर्ण पथकास मिळते. दूरचित्रवाणीवरील स्पर्धेचा इतिहास लिहिताना तिच्या शेजारी ही स्पर्धा ठेवून पाहण्याचे मी ठरविले ते ह्याच कारणासाठी, आणि पुढील प्रकरणांत त्या दोहोंचा विचार जोडीने केला आहे.

अशा अभ्यासाचे साधन सरकारी दप्तरांत फारसे सापडत नाही. ते घरांच्या माळ्यावर आणि देवस्थानांच्या कपाटांत असते. सप्ताहाच्या पाळ्यांच्या वह्या, डबलबारीच्या जाहिराती, भजनस्पर्धांची निकालपत्रे, सभामंडपातील ध्वनिफिती, चाचणीफेरीस गेलेल्या मुलांना आलेली पत्रे हे सारे रद्दीत जाण्याच्या बेतात आहे, कारण त्याचे मोल जाणणारी पिढी वृद्ध झाली आहे आणि ध्वनिफिती ओलसर हवेत बुरशीने खराब होत चालल्या आहेत. ज्यांच्याकडे असे काही असेल त्यांनी ते कोरड्या जागी ठेवावे, त्यावर गाव, साल आणि गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांची नावे शाईने लिहावीत, साथीदारांची नावे मुळीच गाळू नयेत, आणि शक्य तेव्हा आपल्या तालुक्याच्या वाचनालयाकडे त्याची प्रत द्यावी. ध्वनिफितींचे काम ह्या पावसाळ्याआधी झाले तर बरे.